काट्यावरचे पाणी

वजन उतरले म्हणजे चरबी उतरली आणि वजन चढले म्हणजे चरबी चढली, हे समीकरण वजन घटवण्यासाठी आहारतज्ज्ञाकडे येणाऱ्या बहुतेक माणसांच्या मनात इतके पक्के बसलेले असते, की आहाराची चर्चा सुरू होण्याआधी ते सैल करण्यातच पहिल्या एकदोन भेटी जातात. या समीकरणात पाण्याला जागाच नसते. प्रौढ माणसाच्या शरीरात सर्वांत जास्त वजन पाण्याचे असते आणि दिवसागणिक सर्वांत जास्त खालीवर होणारे वजनही पाण्याचेच असते. चरबी त्या मानाने फार हळू साठते आणि फार हळू जाते. प्रस्तुत लेखनाला आधार आहे तो महाराष्ट्रातील एका रुग्णालयाच्या आहारविभागात बरीच वर्षे केलेल्या कामाचा. त्या कामाचे तीन भाग होते : डायलिसिसवर असलेल्या रुग्णांचा आहार, तीव्र कुपोषित बालकांचा आहार आणि लठ्ठपणाच्या बाह्यरुग्ण विभागातील सल्ला. पहिल्या दोन ठिकाणी वजनाचा आकडा वाचताना त्यातले पाणी किती, हा प्रश्न परिचारिकेपासून डॉक्टरांपर्यंत सगळेच आपसूक विचारतात. तिसऱ्या ठिकाणी मात्र तो कोणी विचारत नाही, आणि विचारलाच तर आपल्या सोयीपुरता विचारतो. एकाच इमारतीत, एकाच प्रकारच्या काट्यावर उभ्या राहणाऱ्या माणसांच्या बाबतीत हा फरक का पडावा, या प्रश्नातून पुढील विवेचन आकाराला आले आहे.

सुमारे ७० किलो वजनाच्या प्रौढ पुरुषाच्या शरीरात साधारण ४२ लिटर पाणी असते, म्हणजे वजनाच्या ६० टक्के. स्त्रियांच्या शरीरात चरबीचे प्रमाण निसर्गतःच अधिक असल्यामुळे आणि चरबीच्या ऊतीत पाणी फार थोडे असल्यामुळे हे प्रमाण ५० ते ५५ टक्क्यांच्या आसपास राहते. यातले दोन तृतीयांश पाणी पेशींच्या आत आणि एक तृतीयांश बाहेर असते. बाहेरच्या पाण्याचे पुन्हा दोन भाग पडतात : रक्तवाहिन्यांतून वाहणारे रक्तद्रव, जे तीन-साडेतीन लिटर भरते, आणि पेशींच्या भोवतालच्या फटींत असणारे ऊतिद्रव, जे त्याच्या सुमारे तिप्पट असते. रक्ताच्या दाबामुळे केशवाहिन्यांच्या भिंतीतून द्रव बाहेर ढकलला जातो आणि रक्तातील प्रथिनांच्या ओढीमुळे तो आत राखला जातो, हा तोल इंग्लंडमधील शरीरक्रियाशास्त्रज्ञ अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १८९६ मध्ये मांडला. तो ढळून ऊतिद्रव वाढले की त्या अवस्थेला शोथ, म्हणजे रोजच्या भाषेत सूज, म्हणतात. बोटाने दाबल्यावर खड्डा पडेल इतकी सूज पायांवर दिसेपर्यंत साधारणपणे दोन-तीन लिटर द्रव वाढून गेलेला असतो. म्हणजे डोळ्यांना काही कळण्याच्या आधीच काट्यावर दोन-तीन किलोंची भर पडलेली असते.

पेशीबाहेर किती पाणी राहावे, हे मुख्यतः शरीरातले मीठ ठरवते. शिरेतून देण्याच्या नेहमीच्या सलाइनच्या एक लिटरच्या बाटलीत ९ ग्रॅम मीठ असते, कारण पेशीबाहेरच्या द्रवाचा खारटपणा जवळजवळ तेवढाच असतो. याचा व्यवहारातला अर्थ असा, की शरीराने ९ ग्रॅम मीठ धरून ठेवले तर त्याच्यासोबत सुमारे एक लिटर पाणीही त्याला धरून ठेवावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे प्रौढाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. लोणचे, फरसाण, ठेचा आणि मिठाबरोबर पापडखाराचाही सोडियम असलेला पापड एकाच ताटात आले की ही मर्यादा ओलांडायला वेळ लागत नाही. निरोगी मूत्रपिंडे जादा मीठ काही दिवसांत बाहेर टाकतात आणि पाणीही त्याच्यामागे जाते. पण लग्नाच्या पंगतीनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी काट्यावर दिसणारा सव्वा किलो म्हणजे सव्वा किलो चरबी, असा निष्कर्ष काढून दिवसभर उपाशी राहणारी माणसे आहारविभागात नित्य भेटतात.

डायलिसिसच्या विभागात हे सगळे उघड्यावर घडते. मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाला लघवी थोडी होते किंवा अजिबात होत नाही, त्यामुळे प्यालेले पाणी दोन डायलिसिसच्या मधल्या काळात अंगातच साठत जाते. रुग्ण आल्यावर आधी काट्यावर उभा राहतो, चार तासांनी यंत्रावरून उठल्यावर पुन्हा उभा राहतो, आणि दोन आकड्यांतील दोन-अडीच किलोंचा फरक हा पाण्याचा असतो याबद्दल कोणालाही शंका नसते. जादा द्रव पूर्ण काढल्यानंतर रुग्णाचे जे वजन उरते, ज्यात सूज नाही, धाप नाही आणि रक्तदाबही फार खाली आलेला नाही, त्याला कोरडे वजन म्हणतात, आणि पुढच्या प्रत्येक वेळी किती पाणी काढायचे हे त्याच्याशी तुलना करून ठरते. या रुग्णांना ‘पाणी कमी प्या’ असे नुसते सांगून भागत नाही, हे या विभागातले पहिले शिक्षण होय. मीठ पोटात गेले की तहान लागते आणि तहानेपुढे निर्धार टिकत नाही, म्हणून आहारतज्ज्ञाचे खरे काम पाण्याच्या पेल्याशी नसून आमटीतल्या आणि चटणीतल्या मिठाशी असते.

याच विभागात आणखी एक गोष्ट शिकायला मिळते, आणि वजन घटवण्याच्या विषयाशी तिचा संबंध फार जवळचा आहे. एखाद्या रुग्णाची भूक जाते, जेवण कमी होते, दंडावरचे आणि मांडीवरचे मांस झडू लागते, पण काट्यावरचा आकडा महिनाभर हलत नाही. वजन स्थिर आहे म्हणून नातेवाईक निश्चिंत असतात. प्रत्यक्षात जेवढे मांस आणि चरबी गेली तेवढ्याच वजनाचे पाणी अंगात शिरलेले असते, जुने कोरडे वजन आता खोटे ठरलेले असते, आणि ते वेळीच खाली आणले नाही तर एका रात्री रुग्णाला आडवे झाल्यावर श्वास घेता येईनासा होतो. म्हणून अनुभवी परिचारिका नुसता आकडा पाहत नाही. ती पायाची सूज पाहते, रक्तदाब पाहते, पायजम्याची नाडी किती आत घ्यावी लागते हेही विचारते. शरीरातला घन भाग घटत असताना द्रव भाग वाढून एकूण वजन जिथल्या तिथे राहू शकते, हे डायलिसिसच्या विभागात रोजचे ज्ञान आहे. लठ्ठपणाच्या बाह्यरुग्ण विभागात नेमके हेच, निरोगी माणसात आणि सौम्य प्रमाणात, घडते तेव्हा मात्र ‘डाएट लागू पडत नाही’ असे म्हणून माणसे प्रयत्न सोडून देतात.

या निराशेचे मूळ साध्या हिशेबात आहे. अमेरिकेतील मॅक्स विश्नॉफ्स्की यांनी १९५८ मध्ये मांडलेल्या आणि पुढे सर्वत्र रूढ झालेल्या अंदाजानुसार एक किलो चरबीयुक्त ऊतीत साधारण ७७०० किलोकॅलरी ऊर्जा साठलेली असते. एखाद्या स्त्रीने गरजेपेक्षा रोज ५०० किलोकॅलरी कमी खाल्ल्या, आणि हे प्रत्यक्षात चांगलेच कष्टाचे काम आहे, तर तिची दिवसाला सुमारे ६५ ग्रॅम चरबी खर्ची पडते, आठवड्याला साडेचारशे ग्रॅमच्या आसपास. पुढे वजन घटत जाते तशी शरीराची गरजही घटते, त्यामुळे हा वेग कायम राहत नाही, हे केव्हिन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये गणिताने दाखवून दिले आहे. दुसरीकडे, त्याच स्त्रीच्या अंगातले पाणी, आतड्यातले अन्न आणि मूत्राशयातील लघवी यांमुळे तिचे वजन एका दिवसात एक किलोने सहज इकडेतिकडे होते. ज्या काट्यावर एक किलोचा हेलकावा नेहमीचाच आहे त्यावर ६५ ग्रॅमची घट रोज शोधणे म्हणजे भरल्या हंड्यातला पाण्याचा एक थेंब मोजायला बसणे होय. तरीही लोक तेच करतात. सकाळी एकदा, जेवणानंतर एकदा, फिरून आल्यावर एकदा वजन करतात आणि प्रत्येक आकड्याला आपल्या वागण्याचे बक्षीस किंवा शिक्षा मानतात.

पहिल्या आठवड्याची किमया हा याच हिशेबाचा दुसरा भाग आहे. भात, पोळी, साखर एकाएकी कमी केली, किंवा जेवणाच्या वेळा निम्म्यावर आणल्या, की पहिल्या चार-पाच दिवसांत दोन किलो वजन उतरल्याचे अनेकांना दिसते. शरीर पिष्टमय पदार्थांतील साखर ग्लायकोजेन या रूपात साठवते. यकृतात साधारण १०० ग्रॅम आणि स्नायूंत ४०० ग्रॅम असा तिचा साठा असतो, आणि स्वीडनमधील ओल्सन व साल्टिन यांनी १९७० मध्ये केलेल्या मोजमापांतून दिसले की प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर तीन ते चार ग्रॅम पाणीही साठलेले असते. खाणे कमी होताच हा साठा आधी वापरला जातो आणि त्यातले पाणी मोकळे होते. शिवाय रक्तातील इन्सुलिन उतरल्यामुळे मूत्रपिंडे अधिक मीठ बाहेर टाकतात आणि त्याच्यासोबत आणखी पाणी जाते. चार दिवसांत दोन किलो शुद्ध चरबीयुक्त ऊती जायची तर रोज ३८५० किलोकॅलरींची तूट पडायला हवी, आणि बैठे काम करणाऱ्या माणसाचा दिवसभराचा एकूण खर्चही तेवढा नसतो. जेवण पूर्ववत झाले की साठा भरतो, पाणी परत येते, आणि ‘दोन दिवस खाल्ले तर सगळे वजन परत आले’ ही तक्रार आहारतज्ज्ञाच्या टेबलावर येऊन पडते. परत आलेले वजन चरबीचे नसते; पण पहिल्या आठवड्यात गेलेलेही बरेचसे चरबीचे नव्हते. त्या आठवड्याचा आकडा जाहिरातीत छापणाऱ्यांना दुसरा अर्धा भाग सांगायचा नसतो.

उपासांच्या दिवसांत हा खेळ घरोघरी चालतो. नवरात्रात नऊ दिवस फळे, दूध आणि अळणी पदार्थांवर राहणाऱ्यांचे वजन भराभर उतरते, कारण मीठ आणि पिष्ट दोन्ही एकदम कमी झालेले असते. साबुदाण्याची खिचडी, वेफर्स आणि तळलेल्या चिवड्यावर उपास करणाऱ्यांचे उतरत नाही, किंबहुना चढते. आणि दसऱ्याच्या श्रीखंड-पुरीनंतर दोन्ही गट काट्यावर एकाच प्रकारे हताश होतात. स्त्रियांच्या बाबतीत मासिक पाळीची भर पडते. कॅनडामध्ये झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्त्रियांनी वर्षभर रोज केलेल्या नोंदींतून दिसले की अंगात पाणी धरल्याची भावना पाळीच्या पहिल्या दिवशी सर्वाधिक असते आणि नंतर लवकर ओसरते. त्यामुळे एका सोमवारच्या वजनाची पुढच्या सोमवारच्या वजनाशी तुलना करण्यापेक्षा पाळीनंतरच्या आठवड्याची पुढच्या पाळीनंतरच्या आठवड्याशी तुलना करणे अधिक न्यायाचे ठरते. व्यायाम नव्याने सुरू करणाऱ्यांचेही असेच होते : सवय नसलेल्या व्यायामाने स्नायूंना सूक्ष्म इजा होते, ते दुखतात आणि दुरुस्तीच्या काळात द्रव धरून ठेवतात, रक्तद्रवाचे प्रमाणही थोडे वाढते, आणि जिम लावल्यावर पहिल्या पंधरवड्यात वजन वाढलेले पाहून अनेकजण जिम सोडतात. शरीर सुधारू लागल्याची ही खूण असते आणि तिच्याकडेच अपयश म्हणून पाहिले जाते, याचे वाईट वाटल्याशिवाय राहत नाही.

वजन घटवणाऱ्यांमध्ये आणखी एक समजूत फिरत असते, आणि ती वरवर शास्त्रीय वाटत असल्यामुळे खोडून काढायला अवघड जाते. चरबीच्या पेशीतून चरबी गेली की तिच्या जागी पाणी भरते, पेशी काही दिवस तशीच फुगलेली राहते आणि मग एका रात्री ते पाणी एकदम निघून जाऊन वजन धाडकन उतरते, अशी ती समजूत. चरबीच्या पेशीत साठलेल्या स्निग्ध पदार्थाचे विघटन होऊन स्निग्धाम्ले आणि ग्लिसरॉल रक्तात जातात आणि पेशी आकाराने लहान होते. रिकामी जागा पाण्याने भरून ठेवण्याची कोणतीही यंत्रणा तिच्यात नाही. स्वीडनमधील कर्स्टी स्पाल्डिंग आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवले की प्रौढ वयात या पेशींची संख्या जवळपास कायम राहते, जुन्या मरतात तेवढ्या नव्या येतात, आणि वजन उतरले तरी संख्या घटत नाही. एकदम वजन उतरण्याचा अनुभव मात्र खोटा नसतो. काही आठवडे चरबी घटत असताना मीठ, पाळी, ताण किंवा व्यायाम यांपैकी कशामुळे तरी ऊतिद्रव वाढलेले असते, ते ओसरले की झाकलेली घट एकदम उघडी पडते. अनुभव खरा आणि त्याचे स्पष्टीकरण चुकीचे, अशी ही जोडी आहे. स्पष्टीकरण चुकल्यामुळे माणूस ‘पाणी सोडवण्याचे’ उपाय शोधू लागतो आणि तिथून नुकसानाला सुरुवात होते.

चरबी जाते कुठे, हा प्रश्न विचारल्यावर घाम, लघवी आणि उष्णता ही तीन उत्तरे हमखास मिळतात. रूबेन मीरमन आणि अँड्र्यू ब्राउन यांनी डिसेंबर २०१४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मांडलेल्या हिशेबाप्रमाणे १० किलो चरबी पूर्ण जळाली तर त्यातला ८.४ किलो भाग कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे बाहेर पडतो आणि उरलेल्या १.६ किलोचे पाणी होते. हे एकदा समजले की पोटावर गुंडाळायचा घाम आणणारा पट्टा, प्लॅस्टिकचे जाकीट आणि भर उन्हात स्वेटर घालून धावणे यांतून एका तासात उतरलेले किलोभर वजन म्हणजे लिटरभर घाम, यापलीकडे काही नाही, हे वेगळे सांगावे लागत नाही. ७ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट ५० किलो गटाच्या अंतिम कुस्तीआधी १०० ग्रॅम जास्त भरली आणि अपात्र ठरली, तेव्हा साऱ्या देशाने हा विषय पाहिला. भारतीय पथकाचे मुख्य वैद्यकीय अधिकारी, मुंबईचे डॉ. दिनशॉ पारडीवाला यांनी दिलेल्या माहितीनुसार आदल्या संध्याकाळच्या कुस्त्यांनंतर तिचे वजन मर्यादेपेक्षा २.७ किलो अधिक होते. रात्रभरात त्यातले जवळजवळ सगळे उतरवले गेले. एका रात्रीत चढणारे आणि एका रात्रीत उतरणारे हे वजन चरबीचे असूच शकत नाही. खेळाडूच्या शरीरातून शेवटचे पाणीही काढावे लागले, आणि तरी १०० ग्रॅम उरले. अमेरिकेत १९९७ च्या अखेरीस सुमारे महिन्याभरात तीन महाविद्यालयीन कुस्तीपटू याच प्रकारे पाणी उतरवताना मरण पावले आणि त्यानंतर तिथले नियम बदलले गेले.

सर्वांत चिंतेची गोष्ट म्हणजे लघवीची गोळी. फ्युरोसेमाइड आणि त्या जातीची औषधे हृदयाच्या, मूत्रपिंडांच्या आणि यकृताच्या रुग्णांचे प्राण वाचवतात. पण ‘पाण्याची गोळी’ म्हणून तीच औषधे शेजारणीच्या किंवा सासूबाईंच्या डब्यातून घेऊन लग्नाआधी वजन उतरवण्यासाठी वापरणाऱ्या तरुण मुली बाह्यरुग्ण विभागात भेटत आल्या आहेत. गोळीने दोन दिवसांत दोन किलो जातात, त्यातला एक ग्रॅमही चरबीचा नसतो. पाण्याबरोबर पोटॅशियम जाते, पायात गोळे येतात, चक्कर येते, आणि पोटॅशियम फार उतरले तर हृदयाची लय बिघडते. गोळी थांबवली की मीठ धरून ठेवणारी शरीरातील संप्रेरके चेतलेली असल्यामुळे काही दिवस मूत्रपिंडे मीठ आणि पाणी जास्तच धरतात. अंगठी घट्ट होते, बांगड्या चढत नाहीत, जोडवी रुततात, आणि गोळीशिवाय आपले अंग सुजते अशी त्या मुलीची खात्री पटते. लंडनमधील ग्रॅहॅम मॅकग्रेगर आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हाच मुद्दा मांडला, की कारण न सापडणाऱ्या सुजेच्या अनेक स्त्रियांमध्ये खुद्द ही गोळीच सुजेला कारण झालेली असू शकते. पुनर्नवा म्हणजे घेटुळी घातलेली चूर्णेही आता चरबी घटवणारी म्हणून विकली जातात. चरकसंहितेत अतिस्थूलाचा विचार सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात आणि श्वयथूचा, म्हणजे सुजेचा, चिकित्सास्थानाच्या बाराव्या अध्यायात स्वतंत्रपणे केलेला आहे. परंपरेचे नाव घेऊन विकणाऱ्यांनी निदान परंपरेतला हा भेद तरी पाळायला हवा होता.

वजन म्हणजे पोषण ही समजूत किती महाग पडते, हे तीव्र कुपोषित बालकांच्या विभागात दिसते. प्रथिने आणि इतर पोषकद्रव्ये दीर्घकाळ अपुरी पडलेल्या काही मुलांच्या दोन्ही पायांवर, पुढे हातांवर आणि चेहऱ्यावर सूज येते. गाल भरलेले दिसतात, वजनही वयाच्या मानाने फार कमी भरत नाही, आणि घरच्यांना मूल बाळसेदार वाटते. म्हणूनच तीव्र कुपोषण ओळखण्याच्या निकषांत दोन्ही पायांवर दाबल्यास खड्डा पडणारी सूज एवढी एकच खूण पुरेशी मानली आहे, मग वजन काहीही असो. मेळघाटासारख्या भागात गावपातळीवर काम करणाऱ्या आरोग्यसेविकांना मुलाच्या दोन्ही पायांवर अंगठा दाबून पाहायला शिकवलेले असते ते यासाठीच. उपचार सुरू झाले की पहिल्या आठवड्यात या मुलाचे वजन घटते, आणि विभागातल्या सगळ्यांना त्याचा आनंद होतो, कारण सूज उतरत असते. मांस भरण्यास त्यानंतर सुरुवात होते. आईला मात्र हे समजावून सांगावे लागते, कारण दवाखान्यात आणल्यावर लेकराचे वजन उतरले, एवढेच तिला दिसते. उपासमारीत सूज येते हे अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी १९४४-४५ मध्ये केलेल्या प्रयोगातही नोंदले गेले. तिथे स्वेच्छेने सहभागी झालेल्या ३६ तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवले, त्यांचे सुमारे पाव वजन उतरले, आणि त्यांतील अनेकांच्या घोट्यांवर सूज आली. आठशे-हजार किलोकॅलरींच्या आहारावर महिनोन्महिने राहून वजन हलत नाही म्हणून आणखी कमी खाणाऱ्यांनी हा प्रयोग जाणून घ्यावा, कारण त्यांच्या अडचणीचे उत्तर बऱ्याचदा अधिक खाण्यात असते.

पाण्याचा मुद्दा उलट बाजूनेही वापरला जातो. ‘मॅडम, मी जाड नाही हो, माझ्या अंगात पाणी धरतं,’ हे वाक्य लठ्ठपणाच्या विभागात रोज ऐकू येते. वीस-पंचवीस किलो जादा वजन पाण्याचे असेल तर माणूस अंथरुणाला खिळलेला आणि धापा टाकत असेल. चालत येऊन खुर्चीवर बसणाऱ्याचे जादा वजन बहुतांशी चरबीचेच असते, आणि ते तसे आदराने पण स्पष्ट सांगणे हे आहारतज्ज्ञाचे कर्तव्य आहे. मात्र या वाक्याला कंटाळून खऱ्या सुजेकडे दुर्लक्ष होणे त्याहून घातक. रक्तदाबासाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या अॅम्लोडिपिनने घोट्यांवर सूज येते, आणि ती लघवीच्या गोळीने फारशी उतरत नाही. औषधाची मात्रा किंवा औषध बदलायचे असते आणि तो निर्णय डॉक्टरांचा असतो. गुडघेदुखीसाठी स्वतःच्या मनाने घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या, मधुमेहाचे पायोग्लिटाझोन आणि स्टेरॉइड ही औषधेही पाणी धरतात. यकृत खराब झालेल्या माणसाचे हातपाय काडीसारखे होत असताना पोट वाढत जाते, आणि जलोदराचे ते पोट ‘सुटलेले पोट’ समजून त्याला चालण्याचा सल्ला दिला जातो. जिममध्ये आणि पोषण क्लबांत ठेवलेली चरबी मोजणारी यंत्रेही इथे फसतात : ती शरीरातून अतिशय सौम्य वीजप्रवाह सोडून त्याला होणाऱ्या अडथळ्यावरून पाण्याचा आणि त्यावरून चरबीचा अंदाज बांधतात, त्यामुळे सुजलेल्या माणसाची चरबी कमी आणि घामाने सुकलेल्याची जास्त दाखवतात.

या सगळ्यावरून आहारविभागाने वजन वाचण्याची काही शिस्त हळूहळू बसवली. वजन आठवड्यातून दोन-तीनदा, सकाळी उठल्यावर, लघवीला जाऊन आल्यानंतर आणि काही खाण्यापिण्याआधी, त्याच काट्यावर करायचे. एका आकड्यावर न थांबता आठवड्याची सरासरी काढायची. आणि निर्णय महिन्याच्या सरासरीवर घ्यायचा. नाभीच्या पातळीवर कमरेचा घेर टेपने महिन्यातून एकदा मोजायचा, कारण घोट्यात आणि बोटांत उतरणारे पाणी कमरेच्या घेरात तेवढे उतरत नाही. दिवसाचे पाणी तहान आणि लघवीचा रंग पाहून प्यायचे. सूज घालवण्यासाठी बळेच चार-पाच लिटर पिण्याचे कारण नाही, आणि अतिरेक झाला तर रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतो. बोस्टन मॅरेथॉनच्या २००२ मधील धावपटूंच्या तपासणीत ४८८ जणांपैकी १३ टक्के धावपटूंचे सोडियम उतरलेले आढळले, आणि त्यात शर्यतीदरम्यान वजन वाढलेले, म्हणजे गरजेपेक्षा जास्त प्यालेले, अधिक होते.

ज्यांच्या दोन्ही पायांवर बोट दाबल्यावर खड्डा राहतो, ज्यांना उशी उंच घेतल्याशिवाय झोप येत नाही, ज्यांच्या लघवीला फेस येतो, किंवा ज्यांचे वजन दोन-तीन दिवसांत दोन किलोंनी वाढले आहे, त्यांनी आहारतज्ज्ञाकडे येण्याआधी डॉक्टरांकडे जावे. पाचव्या महिन्यानंतर चेहरा आणि हात एकाएकी सुजलेल्या, डोके दुखत असलेल्या किंवा डोळ्यांपुढे ठिपके दिसत असलेल्या गरोदर स्त्रीला त्याच दिवशी रक्तदाब तपासण्यासाठी नेले पाहिजे. आणि वजन उतरवण्यासाठी लघवीची गोळी मागायला आलेल्याला औषधविक्रेत्याने डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती देऊ नये, घरातल्या कोणी आपल्या डब्यातली देऊ नये.